खेळयंत्राचा धनी आपल्याच खेळाची किंमत कशी ठरवितो?

सन २०२४ ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यांत एक पालक मला भेटावयास आले. लातूरजवळच्या एका खेड्यांतील ते शेतकरी. मुलगा तेव्हां नववीच्या वर्गांत होता. सोयाबीनचे पैसे हातीं आले त्या वेळीं, कांहीं मुलाच्या हट्टास्तव व कांहीं त्याच्या परीक्षेंतील गुणांवर संतुष्ट होऊन, त्यांनीं त्यास टीव्हीला जोडावयाचें एक खेळयंत्र घेऊन दिलें होतें. बाजारांत ज्यास कन्सोल म्हणतात तेंच हें यंत्र. पुढें महिना झाला नाहीं तोंच मुलानें एका नव्या खेळाकरितां ४,९९९ रुपये मागितले. बापास तें खरें वाटेना.

“सर, एका खेळाला पाच हजार लागतात का? पोरगं मधल्यामधी पैसे ठेवून घ्यायलंय, असं वाटलालंय मला.”

मुलगा दाराशीं खालीं मान घालून उभा होता. मीं चौकशी केली. किंमत खरी होती. मुलगा एका पैशानेंहि खोटें बोलला नव्हता. तसें मीं सांगितलें व त्याच्यावरील आळ गेला. परंतु बापाच्या मुद्रेवरील खेद गेला नाहीं, आणि जाणार तरी कसा? त्या हंगामास सरकारनें सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये ठरविला होता, म्हणजे एका क्विंटलाच्या मोलांत तो एक खेळ येत नव्हता. त्यांनीं मला विचारिलें कीं, ज्या कंपनीनें यंत्र केलें तिनेंच हा खेळहि केला आहे. मग आपल्या यंत्रावरचा आपलाच खेळ ती एवढा महाग कां विकते? प्रश्न इतका नेमका होता कीं त्याचें उत्तर दोन शब्दांत देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. पुढें तोच विषय मीं वर्गांत एक तास शिकविला. त्यांतील सार येथें देतों.

प्रथम एका दिवसाचे भाव पाहूं. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र हिंदुस्थानांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें. तबकडी घालावयाचें खण असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये व खण नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. त्याबरोबर सोनीनें स्वतःचे जे खेळ आणिले, त्यांतील ‘डेमन्स सोल्स’ ४,९९९ रुपयांस, तर ‘सॅकबॉय’ व ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’ हे प्रत्येकीं ३,९९९ रुपयांस होते. अमेरिकेंत मात्र या शेवटच्या दोघांची किंमत सारखी नव्हती. एक ६० डॉलरांस व दुसरा ५० डॉलरांस विकला जात होता. ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ नांवाचा चौथा खेळ प्रत्येक यंत्रांत आधींच भरलेला असे व त्यास कांहींच पडत नसे. पांचव्याची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक आहे. ‘डिस्ट्रक्शन ऑलस्टार्स’ हा खेळ पूर्ण किंमतीस, म्हणजे ७० डॉलरांस, विकण्याचें सोनीनें जाहीर केलें होतें. पण तो त्याच २ फेब्रुवारीस बाहेर आला तो सोनीच्या वर्गणीदारांना फुकट वांटला गेला, आणि दोन महिन्यांनीं निराळा विक्रीस ठेवला तेव्हां त्याची किंमत २० डॉलर होती.

धनी एक, यंत्र एक; आणि किंमती मात्र शून्यापासून पांच हजारांपर्यंत! खेळ करावयास जेवढा खर्च आला त्यावर थोडा नफा चढवून किंमत ठरते, ही जी आपली सर्वसाधारण समजूत, ती येथें लागू पडत नाहीं हें उघड आहे. खेळ तयार करण्यास कोट्यवधि रुपये लागतात हें खरें. परंतु एकदां तो तयार झाला म्हणजे त्याची पुढची प्रत काढण्यास जवळजवळ कांहींच लागत नाहीं. अशा वस्तूची किंमत खर्चानें नव्हे, तर दुसऱ्या कांहीं हिशेबानें ठरते.

तो हिशेब समजण्यास आपण जत्रेंत जाऊं. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांत माळेगांवास खंडोबाची मोठी जत्रा भरते. ती तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. आतां अशी एक जत्रा मनांत आणा कीं जिचें सगळें मैदान एकाच धन्याचें आहे. तो जमीन सपाट करितो, पाण्याची व दिव्यांची सोय करितो. त्याचा खर्च पुष्कळ होतो. तरी आंत येणाऱ्या माणसांकडून तो थोडेंच घेतो, प्रसंगीं पदरचेंहि घालतो. कारण गर्दी जमली नाहीं तर पालें ठोकावयास व्यापारी येणार नाहींत, आणि धन्याची खरी मिळकत त्या व्यापाऱ्यांच्या विक्रींतील हिश्शावर आहे. खेळयंत्र हें तें मैदान होय. इतर कंपन्यांनीं केलेले खेळ त्यावर विकले जातात, त्यांतून धनी आपला हिस्सा कापून घेतो. यंत्राच्या स्वतःच्या ऑनलाईन दुकानांत तो सामान्यतः शेंकडा ३० असतो.

मग त्याच मैदानांत धन्यानें स्वतःचें रेवड्यांचें दुकान मांडलें, तर रेवडी कोणत्या भावानें विकावी? त्याला भाडें नाहीं, कारण आपलें भाडें आपणच घ्यावयाचें. तो वाटेल तर रेवडी फुकट वांटील, तीसाठीं माणसें आंत येतील, आणि आंत आलीं म्हणजे इतर पालांवर खर्च करितील. पण तसें फार दिवस केलें तर शेजारचा हलवाई म्हणेल, “धनीच फुकट वांटूं लागला, मग माझी जिलबी कोण घेणार?” आणि तो आपलें पाल गुंडाळून दुसऱ्या जत्रेस जाईल. उलट, धन्याची रेवडी अशी असेल कीं ती दुसऱ्या कोणत्याहि जत्रेंत मिळतच नाहीं, तर ती तो महागहि विकूं शकेल. आणि धन्यानें भाव वाढविला कीं त्या आडोशानें हलवाईहि आपला भाव वाढवील. तेव्हां ध्यानांत घ्या कीं, धन्याच्या रेवडीचा भाव हा एका रेवडीचा भाव नसतो. साऱ्या जत्रेचा भाव त्यावरून ठरतो.

मैदानाचा धनी व्यापाऱ्यांकडून हिस्सा घेतो, ही रीत आरंभापासून नव्हती. अटारी कंपनीनें १९७७ त आपलें यंत्र काढलें तेव्हां त्यावरचे खेळ तीच करी. १९७९ त तिचेच कांहीं कारागीर बाहेर पडले, त्यांनीं ॲक्टिव्हिजन नांवाची कंपनी काढली व अटारीच्या यंत्रावर चालणारे खेळ स्वतः विकूं लागले. त्यांना अडविण्याचें साधन अटारीपाशीं नव्हतें. मग दुसरे आले, तिसरे आले. वाईट खेळांचा सुळसुळाट झाला, आणि १९८३ त अमेरिकेंतील तो सगळा धंदाच कोसळला. हें पाहून निंटेंडो या जपानी कंपनीनें १९८५ त अमेरिकेंत यंत्र आणतांना त्याच्या पोटांत एक कुलूप बसविलें. ज्या खेळांत निंटेंडोनें दिलेली किल्ली नाहीं तो खेळ चालावयाचा नाहीं. इतरांनीं वर्षास किती खेळ काढावे हें ती ठरवी, खेळांच्या कॅसेटी तीच तयार करून देई व पैसे आगाऊ घेई. आजची सारी पद्धत त्या कुलुपांतून निघाली आहे.

येथें माझ्या पिढीची एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९९० च्या दशकांत आमच्याकडे सामुराई, मीडिया वगैरे नांवांचीं जीं यंत्रें मिळत, तीं निंटेंडोच्याच १९८३ च्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्यांना आम्ही ‘टीव्ही गेम’ म्हणत असूं व उन्हाळ्याच्या सुट्टींत तासाच्या भाड्यानें खेळत असूं. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असें छापलेलें असे. मोजून पाहतां तेच पांचदहा खेळ पुन्हां पुन्हां! ती नकलेची वस्तु होती व तिचें समर्थन मी करीत नाहीं. परंतु किंमतीच्या दृष्टीनें ती फार बोधप्रद आहे. नक्कल करणाऱ्याला खेळांतून हिस्सा मिळत नव्हता, म्हणून त्यास आपला नफा यंत्रावरच, तेथल्या तेथें, काढावा लागे. आणि कॅसेटीवर कोणाचाच ताबा नसल्यामुळें ती उतरत उतरत प्लॅस्टिकच्या मोलावर येई. कुलूप नसलें म्हणजे भाव असे वागतात.

कुलूप असलें म्हणजे धनी यंत्रावर तोटा सोसावयासहि तयार होतो. २००६ त सोनीनें प्लेस्टेशन ३ काढलें, तें करण्यास लागणाऱ्या खर्चापेक्षां कमी किंमतीस विकलें. त्या आर्थिक वर्षीं तिच्या खेळविभागास २३२.३ अब्ज येनांचा तोटा आला. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनीं मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील एका न्यायालयांत शपथेवर सांगितलें कीं, एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीला कधींच नफा झालेला नाहीं. हा तोटा मग भरून कोठून निघतो? खेळांतून, वर्गणींतून, हिश्शांतून. पालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें: यंत्राच्या खोक्यावर छापलेली किंमत हा संपूर्ण खर्चाचा पहिला हप्ता आहे. लूककृत शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. आधीं बसून खर्चाचा अंदाज न करितां पाया घालणाऱ्याची लोक थट्टा करितात, असें आपला प्रभु तेथें सांगतो. त्या शेतकऱ्याची थट्टा करण्याचें मात्र माझ्या मनांत येत नाहीं, कारण पुढील हप्ते खोक्यावर छापलेले नव्हते.

आतां धन्याचा स्वतःचा खेळ बाहेर पडतो त्या दिवसाकडे वळूं. ५ जून २०२५ रोजीं निंटेंडोचें ‘स्विच २’ हें यंत्र निघालें; अमेरिकेंत त्याची किंमत ४४९.९९ डॉलर. त्याच दिवशीं तिचाच ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा खेळ ७९.९९ डॉलरांस निघाला. पूर्वीं तिचे मोठे खेळ बहुधा साठांस व क्वचित् सत्तरांस असत, त्यामुळें लोकांत मोठा गलबला झाला. पण यंत्र व खेळ एकत्र घेणारास दोहोंचे मिळून ४९९.९९ डॉलर पडत. वजाबाकी करा: जोडींत तोच खेळ ५० डॉलरांस पडला! जपानांत ही तफावत याहून मोठी होती. केवळ जपानी भाषेचें यंत्र ४९,९८० येनांस व खेळासह ५३,९८० येनांस, म्हणजे खेळास अवघे ४,००० येन; सुटा घेणारास तो ८,९८० येनांहून कमी पडत नसे. सुट्या खेळाची किंमत उंच ठेवली कीं जोडी स्वस्त दिसते व नवें गिऱ्हाईक पहिल्याच दिवशीं यंत्रासह खेळ घेऊन जातें. म्हणजे ८० डॉलर हा आंकडा कांहीं अंशीं खेळाची किंमत होता व कांहीं अंशीं जोडीची जाहिरात.

आणखी एक भेद पहा. सोनीनें यंत्राची ओळख करून देणारा ‘ॲस्ट्रो’चा खेळ फुकट दिला. निंटेंडोनें ‘स्विच २’ ची ओळख करून देणारा ‘वेलकम टूर’ मात्र ९.९९ डॉलरांस विकला. नव्या घराची वास्तुशांत करून पाहुण्यांकडून पाटाचे पैसे घेण्यासारखें हें मला वाटतें. पण ही माझी आवड झाली, अर्थशास्त्र नव्हे.

नवा खेळ पहिल्या दिवशीं सर्वांत महाग असतो याचें कारण आंबा विकणाऱ्यास विचारावें. हंगामाच्या आरंभीं केशर आंबा जो घेतो, त्यास दराची पर्वा नसते. पुढें जसजशी पेटी वर पेटी येते तसतसा भाव उतरतो व आपण सारे घेऊं लागतों. सोनीचे खेळ बहुधा याच मार्गानें जातात. वर्ष-दीड वर्षांत ते पुष्कळ उतरतात. निंटेंडोची रीत निराळी आहे. तिचे मोठे खेळ अनेक वर्षांनंतरहि मूळ किंमतीच्या जवळपासच असतात. तिचें म्हणणें असें दिसतें कीं, भाव उतरणार हें एकदां लोकांस कळलें कीं ते थांबावयास शिकतात. तेव्हां न उतरलेलेंच बरें. मात्र यंत्राच्या बाबतींत हा ताठा तिला एकदां टाकावा लागला. २०११ त तिचें ‘३डीएस’ हें हातांत धरावयाचें यंत्र निघालें तेव्हां त्यावर तिचे स्वतःचे मोठे खेळ तयार नव्हते, व तें खपेना. सहा महिन्यांच्या आंत जपानांतील किंमत २५,००० येनांवरून १५,००० वर आणावी लागली. आधीं घेतलेल्यांचें समाधान करावयास त्यांना २० जुने खेळ फुकट दिले, आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं आपला पगार निम्मा केला. मैदान चांगलें होतें, पण धन्याचें दुकान उघडलें नव्हतें.

मायक्रोसॉफ्टनें तिसरी वाट धरली. जानेवारी २०१८ पासून तिनें ठरविलें कीं, आपला प्रत्येक नवा खेळ पहिल्याच दिवशीं ‘गेम पास’ या वर्गणींत द्यावयाचा. त्या मार्चमध्यें ‘सी ऑफ थीव्ह्ज’ तसा दिला. येथें सुट्या खेळाच्या किंमतीचें काम पालटतें. ती वर्गणी किती स्वस्त आहे हें दाखविणारें माप बनते. तरी त्या मापासहि मर्यादा आहे. २०२५ च्या जूनांत तिनें ‘द आउटर वर्ल्ड्स २’ ची किंमत ७९.९९ डॉलर जाहीर केली आणि लोकांनीं नाराजी दाखवितांच, खेळ निघण्यापूर्वींच, जुलैंत ती ६९.९९ वर परत आणिली. गिऱ्हाइकास कांहींच सत्ता नाहीं असें समजूं नये.

स्वस्तपणानेंहि सर्व साधतें असें नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत सोनीनें ‘हेलडायव्हर्स २’ ४० डॉलरांस काढला व बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटि २० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षीं २३ ऑगस्टला ‘कॉन्कॉर्ड’ नांवाचा दुसरा खेळ त्याच ४० डॉलरांस काढला. खेळणारे आले नाहींत, आणि दोन आठवड्यांनीं, ६ सप्टेंबरला, तो बंद करून घेणारांस पैसे परत द्यावे लागले.

आपल्या देशाकडे पाहतां, सोनीनें येथील गिऱ्हाईक ध्यानांत घेऊन एकदां खरोखर निराळा भाव लावला होता. २००९ त तिनें प्लेस्टेशन २ करितां हैदराबादेंत तयार झालेला हनुमंतावरील खेळ ४९९ रुपयांस विकला. विटी-दांडू, कबड्डी असे देशी खेळ असलेला दुसरा एक संचहि तिनें काढला, आणि गल्लींतील क्रिकेटचा खेळ मुंबईच्या एका कंपनीकडून करविला. प्लेस्टेशन २ तेव्हां जुनें होत आलें होतें, त्याचा भाव उतरला होता. नव्या घरांत तें शिरावें म्हणून धन्यानें रेवडी स्वस्त केली. प्लेस्टेशन ५ च्या वेळीं तसें झालें नाहीं. ७० डॉलरांचे त्या वेळच्या सुमारें ७३ रुपये दरानें ५,११० रुपये होतात. ४,९९९ हा आंकडा बहुतेक तोच आहे. अमेरिकेंतील मजुरी आणि लातुरांतील मजुरी यांतील अंतर त्या गुणाकारांत कोठेंच धरलेलें नाहीं. शेतकऱ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला येथें दिसलें.

हिस्सा देणाऱ्याची बाजूहि आपल्या महाराष्ट्रांत पाहावयास मिळते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें ‘राजी’ हा खेळ केला. तो ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निंटेंडोच्या ‘स्विच’वर २४.९९ डॉलरांस निघाला. दुकानाचा हिस्सा नेहमींच्या शेंकडा ३० दरानें धरला तर एका प्रतीमागें सुमारें साडेसात डॉलर मैदानाच्या धन्याचे. धन्याच्या स्वतःच्या खेळास हे साडेसात कोणाला द्यावे लागत नाहींत. एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खेळांत हें अंतर डोळ्यांस दिसत नाहीं.

उत्तराचें दुसरें अर्धें त्या मुलाच्या यंत्रांत होतें. त्याचें एक चुलत भावंड नांदेडला असतें. त्याच्यापाशीं हवा तो खेळ तबकडीवर होता व तो द्यावयासहि तें तयार होतें. मग घेत कां नाहींस, असें मीं विचारिलें, तेव्हां मुलगा म्हणाला, “सर, माझ्या यंत्राला खणच नाहीं.” स्वस्त पडतें म्हणून बापानें बिनखणाचें यंत्र घेतलें होतें. पुढील कांहीं यंत्रांस खण निराळें विकत घेऊन जोडतां येतें, पण त्याचे पैसे वेगळे. बिनखणाच्या यंत्रास उसनी तबकडी चालत नाहीं, जुनी विकत घेतां येत नाहीं, खेळून झाल्यावर विकतां येत नाहीं. दुकान एकच, आणि तें धन्याचें.

वर्गांत आम्हीं हा हिशेब फळ्यावर मांडला. २०२१ च्या किंमती धरतां बिनखणाच्या यंत्रांत १०,००० रुपये वांचतात. आतां समजा, ४,९९९ रुपयांची तबकडी खेळून झाल्यावर ३,००० रुपयांस विकली जाते. तर खणाच्या यंत्रावर प्रत्येक खेळामागें ३,००० परत येतात. तीन खेळांचे ९,०००, चार खेळांचे १२,०००. म्हणजे चौथ्या खेळास पूर्वींची बचत संपली व पुढें महाग यंत्रच स्वस्त झालें. एका मुलीनें लगेच हरकत घेतली कीं, धन्याच्या दुकानांतहि सवलतीचे दिवस येतात. तोच खेळ निम्म्या भावांत मिळेपर्यंत थांबलें तर? तिचें म्हणणें बरोबर होतें. तसें थांबणारास खेळामागें २,५०० रुपये वांचतात, व दोन यंत्रांतील अंतर पुष्कळ कमी होतें. फक्त तो दिवस कोणता, हें धनी ठरवितो.

दुसऱ्या शनिवारीं तो शेतकरी पुन्हां आला. फळ्यावरचा हिशेब मुलानें वहींत उतरून घरीं नेला होता, व बापानें बेरजा स्वतः तपासल्या होत्या. दोघांनीं मिळून ठरविलें होतें कीं, तो खेळ सवलतींत येईपर्यंत घ्यावयाचा नाहीं. तो मार्चअखेर निम्म्या भावांत आला. तेव्हां मुलाची वार्षिक परीक्षा चालू होती, म्हणून घेतला तो एप्रिलांत, पूर्ण किंमतीहून हजार रुपये कमी देऊन.